प्राणी माणसासारखा उभा राहतो तेव्हा : जातकशिल्पे, शरीररचना आणि विद्यार्थ्यांची चित्रवही

विद्यार्थ्यांच्या चित्रवह्या चाळताना एक गोष्ट वारंवार दिसते. पाचवीपासून दहावीपर्यंतच्या मुलामुलींना माणसासारखे वागणारे प्राणी काढण्याची विलक्षण हौस असते. पुस्तक वाचणारा ससा, काठी टेकत चालणारे अस्वल, न्यायासनावर बसलेला हत्ती, डोक्यावर पाटी घेऊन बाजाराला निघालेली शेळी. कल्पनेला तोटा नसतो आणि रंगही मनापासून भरलेले असतात. तरीही चित्र पटत नाही. माणसाच्या धडावर वाघाचे तोंड बसवलेले असते, मागे शेपूट टाचलेले असते, पायांत बूट चढवलेले असतात. तो वाघ नसतो. वाघाचा मुखवटा घातलेला माणूस असतो.

सिंहचर्म जातकातील गाढवाची गोष्ट आपण परिपाठात ऐकलेली आहे. व्यापारी आपल्या गाढवावर सिंहाचे कातडे घालून त्याला लोकांच्या पिकात चरायला सोडतो. लोक घाबरून जवळ येत नाहीत. पण एके दिवशी गाढव ओरडते आणि सोंग उघडे पडते. चित्रातले सोंग आवाजाने नव्हे, हाडांनी उघडे पडते. कातडे कोणतेही रंगवा. आत खांदा कुठे आहे, गुडघा कोणत्या दिशेला वळतो, डोके मानेवर कसे बसले आहे, हे पाहणाऱ्याच्या डोळ्याला नकळत समजते. त्याला नाव सांगता येत नाही, पण काहीतरी चुकले आहे एवढे तो ओळखतो.

या लेखाचे प्रतिपादन एवढेच आहे की, प्राण्याला माणसाची भूमिका द्यायची असेल तर आधी त्याचे स्वतःचे शरीर त्याला पूर्णपणे द्यावे लागते. मी इतिहासाचा शिक्षक आहे. म्हणून आरंभ इतिहासापासून करतो आणि तेथून चित्रवहीकडे येतो.

१. भरहूत ते अजिंठा

पाली जातकसंग्रहात ५४७ कथा आहेत. त्यांपैकी अनेक कथांत बोधिसत्त्व हत्ती, हरीण, वानर, हंस किंवा ससा या रूपांत येतो. हे प्राणी बोलतात, राजाला उपदेश करतात, दिलेला शब्द पाळतात, दुसऱ्यासाठी प्राण देतात. त्यामुळे आज तुमच्यापुढे जो प्रश्न आहे तोच दोन हजार वर्षांपूर्वी शिल्पकारापुढे उभा होता. हा हत्ती विचार करतो आहे, त्याला करुणा आली आहे, हे दाखवायचे. आणि त्याचे हत्तीपण तर जाऊ द्यायचे नाही. हे कसे साधावे?

मध्य प्रदेशातील भरहूत येथील स्तूपाच्या कठड्यावर याचे फार जुने उत्तर कोरलेले आहे. हा कठडा सुमारे इसवी सनपूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकातला. अलेक्झांडर कनिंगहॅम यांना त्याचे अवशेष १८७३ साली आढळले आणि त्यांतील मोठा भाग आज कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयात आहे. भरहूतचे वैशिष्ट्य असे की, अनेक दृश्यांशेजारी ब्राह्मी लिपीत जातकाचे नाव कोरलेले आहे. त्यामुळे कोणती कथा हे तर्काने ठरवावे लागत नाही.

तेथील महाकपी जातकाचे गोल शिल्प प्रत्येक विद्यार्थ्याने छायाचित्रात तरी पाहावे. राजाच्या धनुर्धरांनी आंब्याचे झाड वेढले आहे. वानरांचा राजा आपल्या कंबरेला वेल बांधून पैलतीरावरून झेप घेतो. वेल थोडी अपुरी पडते, म्हणून तो स्वतःच्या शरीरानेच पूल पूर्ण करतो आणि त्याच्या पाठीवरून सारा कळप सुखरूप पार होतो. शिल्पाच्या वरच्या भागात ते ताणलेले शरीर दिसते. खालच्या भागात तोच वानर राजासमोर आसनावर बसून संभाषण करीत आहे. लक्षात घ्या, खालच्या दृश्यासाठी शिल्पकाराने वानराला माणसाचे धड दिलेले नाही. शरीर तेच आहे. बदलली आहे ती बैठक. राजा आणि वानर समोरासमोर बसले, एवढ्यानेच दोघांचा दर्जा सारखा झाला.

दुसरे उदाहरण छद्दंत जातकाचे. सहा सुळ्यांचा गजराज आपल्याला मारायला आलेल्या शिकाऱ्याला आपले सुळे काढू देतो. भरहूतच्या शिल्पात हत्ती खाली वाकला आहे आणि शिकारी सुळे कापतो आहे. अजिंठ्यात ही कथा दोनदा येते : इसवी सनपूर्व काळातील १० क्रमांकाच्या लेण्यात आणि इसवी सनाच्या पाचव्या शतकातील १७ क्रमांकाच्या लेण्यात. हत्तीच्या चेहऱ्यावर माणसाचे अश्रू किंवा माणसाचे हसू चिकटवण्याची गरज कलावंतांना वाटली नाही. गुडघा टेकण्याच्या क्रियेतच करुणा आहे. आणि येथे शरीररचनेचे एक मर्म दडलेले आहे. घोडा किंवा बैल यांचा मागचा खरा गुडघा पोटाजवळ वर असतो, त्यामुळे तो चटकन दिसत नाही. हत्तीचा मागचा गुडघा माणसाप्रमाणे खाली आणि स्पष्ट असतो. म्हणून वाकलेला हत्ती आपल्याला इतका ओळखीचा वाटतो. कलावंताने हत्ती नीट पाहिला होता; माणूसपण त्याला हत्तीच्याच हाडांत सापडले.

सतराव्या लेण्यातच मातृपोषक जातक आहे. पकडून आणलेला हत्ती आंधळ्या आईच्या आठवणीने अन्न सोडतो आणि राजा त्याला मुक्त करतो. राजाला धम्म सांगणाऱ्या हंसाची कथाही येथे आहे. हंसाला हात दिलेले नाहीत, तरी तो उपदेशक आहे हे समजते.

प्राणी आणि माणूस यांना एकत्र आणण्याच्या तीन रीती अजिंठ्यात दिसतात. पहिली रीत वर सांगितली : शरीर संपूर्ण प्राण्याचे, भाव आणि प्रसंग माणसाचा. दुसरी रीत नागराजाची. पहिल्या लेण्यातील शंखपाल आणि चांपेय जातकांच्या चित्रांत, तसेच १९ क्रमांकाच्या लेण्याबाहेरील शिल्पात, नागराजाचे शरीर पूर्ण माणसाचे असून मस्तकामागे नागफणांचे छत्र आहे. येथे प्राणी ही केवळ खूण आहे. तिसरी रीत किन्नराची : वर माणूस, खाली पक्षी. ही सर्वांत अवघड, कारण येथे सांधा जुळवावा लागतो. कंबर कुठे संपते आणि पिसे कुठे सुरू होतात, शरीराचा भार त्या बारीक पायांवर कसा येतो, याचा विचार केल्याशिवाय किन्नर उभाच राहत नाही.

सांधा जुळवण्याचा सर्वोत्तम धडा पहिल्या लेण्यातील एका स्तंभशीर्षावर आहे. तेथे चार हरणांना मिळून एकच डोके कोरले आहे. कोणत्याही एका हरणाकडे पाहिले तरी ते डोके त्याचेच वाटते. कारण मान खांद्यातून कशी निघते आणि कवटीला कुठे मिळते, हे चारही शरीरांत अचूक आहे. अशक्य गोष्ट शक्य वाटावी, यासाठी प्रत्येक शक्य गोष्ट बिनचूक असावी लागते. हा नियम पाठ करावा असा आहे.

या परंपरेशी आधुनिक महाराष्ट्रातील कलाशिक्षणाचाही संबंध आला. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकी एक. पाठवलेल्या प्रतिकृतींपैकी अनेक लंडनमधील आगीत १८८५ साली नष्ट झाल्या. परंतु जुन्या कलावंताची रेघ आपल्या हाताने पुन्हा काढून शिकण्याची पद्धत टिकून राहिली. तुमच्यासाठीही आरंभाचा सराव हाच असावा.

२. एकच सांगाडा, वेगळी मापे

विद्यार्थी मित्रांनो, प्राण्याचे शरीर समजून घेण्यासाठी आपल्याजवळ सर्वांत जवळचे साधन म्हणजे आपले स्वतःचे शरीर. माणूस, कुत्रा, बैल, हत्ती, वटवाघूळ या सगळ्यांच्या पुढच्या पायात किंवा हातात हाडांचा क्रम एकच असतो : खांद्याचे पाते, दंडाचे एक हाड, कोपराखाली दोन हाडे, मनगटाची लहान हाडे, तळव्याची हाडे आणि बोटे. मागच्या पायातही तसेच : कंबरेचे हाड, मांडीचे हाड, गुडघा, नडगी, घोटा, टाच, तळपाय, बोटे. फरक आहे तो लांबी-आखूडपणाचा, आणि काही हाडे एकमेकांत मिसळली आहेत किंवा गळाली आहेत याचा.

मुले नेहमी विचारतात की, कुत्र्याचा मागचा गुडघा उलटा का असतो. तो उलटा नसतोच. कारण तो गुडघा नव्हे. तो कुत्र्याचा घोटा, आणि मागे निघालेले टोक ही त्याची टाच. कुत्रा आयुष्यभर चवड्यांवर चालतो. त्याचा खरा गुडघा वर, पोटाच्या रेषेजवळ असतो आणि आपल्यासारखाच पुढे वळतो. कोंबडीचेही तेच. पिसांत दडलेली ती मांडी व गुडघा. बाहेर दिसणारा ‘उलटा’ सांधा हा घोटा. एवढी एक गोष्ट समजली तरी निम्मी चित्रे सुधारतात.

यावरून चालण्याचे तीन प्रकार पाडता येतात. माणूस, अस्वल आणि वानर पूर्ण तळवा टेकतात. कुत्रा, मांजर, बिबट्या बोटांवर चालतात. गाय, शेळी, हरीण, घोडा बोटांच्या टोकांवर, म्हणजे नखांवर चालतात. खूर हे नखच होय. बैल आपल्या तिसऱ्या आणि चौथ्या बोटांवर उभा असतो, मागची दोन लहान बोटे जमिनीला टेकत नाहीत. घोडा तर प्रत्येक पायाच्या एकेका मधल्या बोटावर सारा भार पेलतो. हत्तीचा पाय खांबासारखा दिसतो, पण आत बोटे तिरपी उभी असून टाचेखाली चरबीची जाड गादी असते.

आणखी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, माणूस असो की जिराफ, जवळजवळ सर्व सस्तन प्राण्यांच्या मानेत मणके सातच असतात. जिराफाचे लांब, उंदराचे चिमुकले. पक्ष्यांच्या मानेत मात्र याहून जास्त मणके असतात, म्हणून बगळ्याची मान वळणे घेते. दोन, बैल, घोडा, शेळी यांना जत्रुकास्थी, म्हणजे गळ्याखालचे आडवे हाड नसते. वानराला आणि माणसाला असते. म्हणूनच वानर हात बाजूला पसरतो, आणि बैलाचा पाय पुढे-मागेच हलतो. तीन, शेपूट म्हणजे कण्याचाच शेवट. आपल्या कण्याच्या टोकाला मराठीत ‘माकडहाड’ म्हणतात, ते उगाच नव्हे.

३. उभे करताना पाच प्रश्न

आता चार पायांवरचा प्राणी दोन पायांवर उभा करू. पेन्सिल उचलण्यापूर्वी पाच प्रश्नांची उत्तरे निश्चित करावीत.

पहिला प्रश्न : तो कशावर उभा आहे? बोटांवर, की तळव्यावर? कोल्हा चवड्यांवर उभा केला तर चपळ, सावध दिसेल. टाच टेकवली तर थकलेला किंवा बोजड दिसेल. दोन्ही चालतील, पण एका चित्रात एक पाय असा आणि दुसरा तसा नको. भार ज्या पायावर आहे त्याच्या बरोबर वर शरीराचा मध्य आला पाहिजे. नाहीतर चित्र पाहणाऱ्याला तो आता पडेल असे वाटते.

दुसरा प्रश्न : डोके कुठे वळले आहे? चार पायांच्या प्राण्याचा कणा कवटीला मागून मिळतो, माणसाचा खालून. बैलाला तसाच उभा केला तर त्याचे तोंड आकाशाकडे जाईल. म्हणून मानेला स्पष्ट बाक द्यावा लागतो आणि जबडा छातीकडे आणावा लागतो. बहुतेक चित्रांत हा बाक नसतो आणि डोके काठीवर अडकवलेल्या मडक्यासारखे दिसते.

तिसरा प्रश्न : खांदे कोणाचे? चतुष्पादाची छाती अरुंद आणि खोल असते, पाती दोन्ही कडांना उभी असतात. माणसाची छाती रुंद व चपटी असून पाती पाठीवर असतात. शेळीने दोन्ही हात कंबरेवर ठेवले, असे दाखवायचे असेल तर तिला रुंद छाती आणि नसलेले जत्रुकास्थी द्यावे लागेल. ती सवलत चित्रकाराने घ्यावी, पण जाणीवपूर्वक घ्यावी. नको असेल तर तिचे पाय छातीसमोर जुळवावे. बोलक्या मानेने काम भागते.

चौथा प्रश्न : हात कसे? खुराला पाच बोटे फुटली की चित्र फसते. बैलाच्या दोन खुरांच्या चिमटीत काय धरता येईल, अस्वलाच्या पंजात काय मावेल, कावळ्याच्या पंखाची टोकाची पिसे बोटांसारखी कशी पसरतील, याचा शोध घ्यावा. १९८० साली सुरू झालेल्या ‘टिंकल’ मासिकात प्रदीप साठे यांनी रेखाटलेला कालिया कावळा आठवा. चमाटक कोल्हा आणि डूबडूब मगर यांचे डाव तो हाणून पाडतो, पण कावळा कावळाच राहतो.

पाचवा प्रश्न : शेपूट आणि कपडे. शेपूट विजारीच्या मागे चिकटवायचे नसते. पाठीच्या कण्याची रेघ काढतानाच ती शेपटीच्या टोकापर्यंत न उचलता न्यायची असते. मग कापड चढवायचे. कापड खाली लपवण्यासाठी नसते. खांदा, कोपर, गुडघा जेथे कापडाला टेकतात तेथूनच चुण्या निघतात.

चेहऱ्याविषयी एक सूचना. भाव दाखवायला मुले लगेच माणसाच्या भुवया आणि ओठ काढतात. त्याआधी प्राण्याची स्वतःची भाषा वापरून पाहावी. बैल कान मागे पाडतो, कुत्रा शेपूट पायांत घेतो, शेळी मान ताठ करते. भक्ष्य होणाऱ्या प्राण्यांचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, शिकारी प्राण्यांचे समोर. शेळीच्या डोळ्यातली बाहुली आडवी असते. सशाचे डोळे समोर आणून बसवले की त्याचा भित्रेपणाच निघून जातो.

४. हाडांचे ज्ञान आणि आपला इतिहास

जगभरातील ज्या कलावंतांनी पटतील असे प्राणी काढले, त्यांनी हाडे हाताळली होती. इंग्लंडमधील जॉर्ज स्टब्ज यांनी मेलेले घोडे टांगून, थरामागून थर सोलून त्यांची रेखाटने केली आणि १७६६ साली घोड्याच्या शरीररचनेचे पुस्तक प्रसिद्ध केले. निळा कोट घातलेला पीटर ससा निर्माण करणाऱ्या बीट्रिक्स पॉटर यांनी लहानपणी भावाबरोबर मेलेल्या प्राण्यांचे सांगाडे स्वच्छ करून त्यांचा अभ्यास केला होता; त्यांचा ससा कोट घालून उभा राहतो, तरी सशाचाच राहतो. वॉल्ट डिस्ने यांच्या १९४२ च्या ‘बँबी’ चित्रपटासाठी चित्रकारांना रिको लेब्रन यांनी हरणाच्या शरीररचनेचे धडे दिले. त्यात मृत पाडसाचे विच्छेदनही होते.

आता आपल्या समाजाकडे पाहू. आपल्याकडे मृत देहाचा स्पर्श हा विटाळ मानला गेला. कोलकात्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात १८३६ साली मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन केले, ही त्या काळी खळबळजनक घटना ठरली. पण गावोगावी मेलेले जनावर ओढून नेणारे, त्याचे कातडे काढणारे, हाडे आणि शिंगे वेगळी करणारे लोक होतेच. मेलेली जनावरे ओढण्याचे काम महारांवर लादलेले होते. कातडे कमावणे ढोर समाजाकडे, त्याच्या वस्तू करणे चांभार समाजाकडे. बैलाचे पाते कुठे सुटते, कोणता स्नायू कशाला धरून असतो, हे त्यांच्या बोटांना ठाऊक होते. स्टब्ज यांना ज्या ज्ञानाने कीर्ती मिळवून दिली, त्याच ज्ञानाने येथे माणसाला अस्पृश्य ठरवले. ते ज्ञान कागदावर येऊ शकले नाही, कारण ज्यांच्या हातात ते होते त्यांच्या हातात कागदच येऊ दिला नव्हता.

या इतिहासाचा भावुक गौरव करण्याचे कारण नाही. ती वेठ होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ च्या महाड परिषदेत मृतमांस सोडण्याचा आदेश दिला. मेलेली जनावरे ओढण्याचे काम सोडावे असा त्यांचा आग्रह होता. शिंगे, खुरे, हाडे आणि कातडे यांचे उत्पन्न बुडेल असा हिशेब मांडणाऱ्यांचा समाचार त्यांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात घेतला. माणसाला लाभापेक्षा इज्जत प्रिय असते, हा त्या विवेचनाचा गाभा होता. आपल्या आजोबा-पणजोबांनी ते काम टाकले, ते योग्यच केले.

परंतु लादलेले काम टाकणे वेगळे आणि ज्ञानाकडे पाठ फिरवणे वेगळे. आज आपल्या हाती पेन्सिल आहे, पुस्तक आहे, प्रयोगशाळेत सांगाडा आहे. ज्या हाडांना हात लावायला भाग पाडून आपल्याला हीन ठरवले, त्याच हाडांचा अभ्यास आपण स्वेच्छेने, वहीत नावे लिहून, मापे घेऊन करायचा आहे. शरीराची किळस ही विटाळाचीच धाकटी बहीण आहे. चित्रकाराला आणि डॉक्टरला ती परवडत नाही. आपल्यापैकी एखादी मुलगी उद्या पशुवैद्य होईल, एखादा मुलगा चित्रपटांसाठी प्राणी रेखाटेल. तेथे जात विचारली जाऊ नये; घोटा कुठे आहे हे मात्र विचारले जाईल.

५. मेढा परिसरातील चित्रशाळा

शहरातील कलाविद्यार्थ्याला प्राणी पाहण्यासाठी प्राणिसंग्रहालयाचे तिकीट काढावे लागते. मेढ्याच्या विद्यार्थ्याला ते दाराशी आहेत. वेण्णेच्या काठी डुंबणाऱ्या म्हशी, बांधावरच्या शेळ्या, एका पायावर उभा बगळा, बसस्थानकावर झोपलेला कुत्रा. झोपलेला कुत्रा हा सर्वांत चांगला शिक्षक. तो हलत नाही आणि त्याच्या बरगड्या, कंबरेचे हाड, टाच स्पष्ट दिसतात. जावळीच्या रानात गवा, भेकर, अस्वल, शेकरू आणि वानर आहेत. जंगलात एकट्याने जाण्याचा प्रश्नच नाही. पण रस्त्याकडेच्या झाडावर बसलेली वानरे पाहता येतात. त्यांची बैठक आणि आपली बैठक यांची तुलना करा. भरहूतच्या शिल्पकाराने काय पाहिले होते ते कळेल.

बेंदराला आपल्याकडे मातीचे बैल करतात. बाजारातून साच्याचा बैल आणण्याऐवजी नदीकाठची माती आणून स्वतः करावा. वशिंड मानेवर नसून खांद्यांवर असते, गळ्याची पोळी कुठून सुरू होते, हे मातीत बोटांना जसे समजते तसे कागदावर डोळ्यांना समजत नाही. माणदेशातील खिल्लार बैल आणि आपल्या भागातील म्हैस शेजारी काढून पाहा : एकाचे शरीर ताठ व चपळ, दुसरीचे रुंद व संथ. दोघांनाही माणसाची भूमिका द्यायची झाली, तर कोणाला कोणती द्यावी हे शरीरच सांगेल. सहलीचा योग आला तर मावळातील बेडसे लेणी अवश्य पाहावीत; तेथील स्तंभशीर्षांवर घोडे, बैल व हत्ती आणि त्यांवर बसलेली स्त्री-पुरुषांची युग्मे आहेत. स्वार आणि वाहन यांचे भार एकमेकांशी कसे जुळवले आहेत, ते रेखाटून घ्यावे.

६. सरावाचा क्रम

पहिला आठवडा : फक्त पाहणे आणि रेघेत कणा काढणे. एकच प्राणी निवडा आणि रोज दहा वेळा डोक्यापासून शेपटीपर्यंत एकच रेघ ओढा. दुसरे काही नको.

दुसरा आठवडा : कण्यावर तीन गोळे बसवा, कवटी, छाती आणि कंबर. छातीचा गोळा सर्वांत मोठा. मग खांदा, कोपर, मनगट, कंबर, गुडघा, घोटा येथे ठिपके द्या. शेजारी माणूस काढून त्याच सांध्यांना त्याच रंगाचे ठिपके द्या.

तिसरा आठवडा : वर्गात मोकळी जागा करून स्वतः हातापायांवर उभे राहा, टाचा उचला, मित्राला बाजूने रेखाटायला सांगा. मग हळूहळू उभे राहा आणि मान कधी वळते, छाती कधी पसरते, हे प्रत्येक टप्प्यावर टिपून घ्या. चार पायांपासून दोन पायांपर्यंत पाच चित्रे झाली पाहिजेत.

चौथा आठवडा : एक जातककथा निवडा आणि तिच्यातील एकच प्रसंग काढा. पहिले चित्र प्राणी पूर्णपणे प्राणी ठेवून. दुसरे त्याला दोन पायांवर उभे करून. कोणते अधिक पटते, यावर वर्गात चर्चा करा. अनेकदा पहिलेच जिंकते, आणि का जिंकते हे समजणे हाच खरा धडा.

हा सराव शासनाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट रेखाकला परीक्षांनाही उपयोगी पडतो. स्मरणचित्रात बैलगाडी किंवा गुराखी काढायची वेळ आली की ज्याला सांधे ठाऊक आहेत त्याचा हात अडत नाही.

७. कोणाला प्राणी करायचे?

शेवटी एक जबाबदारीची गोष्ट. माणसाला प्राण्याच्या रूपात दाखवणे हे नेहमीच निरागस नसते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या व्यंगचित्रकारांनी आयरिश लोकांना वारंवार वानराच्या चेहऱ्याने रंगवले. ज्यांच्यावर राज्य करायचे त्यांना माणसापेक्षा कमी दाखवणे सोयीचे होते. आपल्या गावगाड्यातही प्राण्यांची नावे शिव्या म्हणून कोणाला चिकटवली गेली, हे आपल्याला शिकवावे लागत नाही. वर्गातल्या एखाद्या मुलाच्या रंगावरून, नाकावरून त्याला प्राण्याचे डोके देणारे चित्र हे विनोद नसते. ती विटंबना असते.

जातकांचा मार्ग याच्या उलट आहे. तेथे माणसाला खाली ओढून प्राणी केलेले नाही. प्राण्याला शीलाच्या बळावर माणसाच्या समोर बसवले आहे, आणि पुष्कळदा राजाच त्याच्याकडून शिकतो. म्हणून भरहूतच्या शिल्पकाराने वानराचे शरीर बिघडवले नाही. ज्याचा आपण आदर करतो, त्याची हाडे आपण नीट काढतो. चुकीची शरीररचना हे बहुधा न पाहण्याचे लक्षण असते, आणि ज्याला पाहिलेच नाही त्याच्याविषयी मैत्री कशी वाटेल?

तेव्हा पुढच्या वेळी चित्रवही उघडाल तेव्हा आधी वाघाचा चेहरा काढू नका. आधी कण्याची एक रेघ काढा, तिच्यावर सांध्यांचे ठिपके द्या आणि प्रत्येक ठिपक्यावर बोट ठेवून स्वतःला विचारा : हा सांधा माझ्या शरीरात कुठे आहे? उत्तर सापडले की पुढचे चित्र आपोआप उभे राहील.